भिंतीवरची घाण

१२ ऑगस्ट, मंगळवार

आज घरात आलं ते: तांदूळ पाच किलो, ३४०. तूप अर्धा किलो, ३२०. कापूर, वाती मिळून ९०. मंडीतली भाजी, १७५. आणि सिनेमा दाखवायचं जुनं यंत्र एक, २६००. सोबत रिळांचा पत्र्याचा डबा, तो भंगारवाल्याने वरून दिला म्हणे. पिंजौरच्या बसचं भाडं वेगळं.

बाकी सगळं मी सांगितलं होतं. यंत्र मी सांगितलं नव्हतं.

हे पिंजौरला नळाची तोटी आणायला गेले होते. तोटी विसरले. मी म्हटलं, "अहो, नळ गळतोय तो गळू द्या, पण हे लोखंड कुठे ठेवायचं?" तर म्हणतात, "अगं, जाईसाठी. नात दिवसभर गप्प बसते." एअर फोर्समध्ये सगळी नोकरी विमानांतली मीटरं दुरुस्त करण्यात गेली. निवृत्त होऊन इथे उत्तरेतच राहिलो त्याला इतकी वर्षं झाली तरी बंद पडलेली वस्तू दिसली की ह्यांचा हात शिवशिवतो. त्यात ते यंत्र देवघरासमोरच्या टेबलावर ठेवलं. उंदराचा वास येतोय त्याला. गोमूत्र शिंपडलं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

यंत्राचा पट्टा तुटलेला होता. ह्यांनी माझ्या शिलाई मशीनचा काढून बसवला, न विचारता. दिवेलागणीला जाईने शुभंकरोति म्हटलं, आणि त्यानंतर लगेच बैठकीच्या भिंतीवर चित्रं सुरू.

शी. शंभर वर्षांपूर्वीची काळीपांढरी हलती चित्रं, विलायतेतली. आवाज नाही, नुसती यंत्राची टरटर. मला वाटलं होतं ससा-कासव असेल. एक मांजर, हातापायांत हाडं नसल्यासारखं, शेवया लोंबाव्यात तसे अवयव. ते एका गाईजवळ जातं, तिचं शेपूट हापशासारखं वरखाली करतं आणि तिच्या तोंडातून बादलीत दूध पडतं. तोंडातून! मग ते तिची आचळं पिळून चार सुरांचा बाजा वाजवतं आणि गाय मागच्या दोन पायांवर नाचते. मी उठून देवघराचा पडदा ओढला. देवाने हे बघू नये.

पुढे एक पियानो. त्याला दात. वाजवणाऱ्या डुकराची बोटं तो खातो, डुक्कर पियानोला ती परत थुंकायला लावतो आणि मोजून लावतो. एक बोट जास्त निघतं, ते खिशात टाकतो. मला तर तोंडाला पाणी सुटलं, ओकारीचं.

जाई हसली. तोंडावर हात ठेवून, पण हसली. ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू यंत्र फुकटच पडलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

काल लिहायचं राहिलं ते लिहिते, कारण टाळून किती दिवस टाळणार.

शंतनूच्या पायाखाली जूनमध्ये गस्तीवर सुरुंग फुटला. डावा पाय गुडघ्याच्या खाली काढला. मुलगा वाचला, देवाची कृपा. तो पुण्याला लष्कराच्या इस्पितळात आहे, सून विनया त्याच्याजवळ, आणि जाई आमच्याकडे. तिला एवढंच सांगितलंय की बाबांची ड्यूटी पुण्याला आहे.

विनयाने मागे व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला होता, टाके काढल्यानंतरचा. मी उघडला आणि लगेच बंद केला. मग एकदा व्हिडिओवर बोलताना त्याने चादर बाजूला केली, "आई, बघ, सूज उतरली." मी म्हटलं, थांब रे, दूध ऊतू जातंय, आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. गॅसवर दूध नव्हतं. पण त्याला ते कुठून दिसणार.

त्यानंतर त्याचा फोन लागत नाही. इस्पितळाच्या जाड भिंतींत रेंज नसेल. विनयाचा लागतो.

१७ ऑगस्ट, रविवार

विनयाचा फोन. डॉक्टर सुट्टी द्यायला तयार आहेत. जखम भरली, कृत्रिम पायाचं माप झालं, तो मिळेपर्यंत घरी जाऊन या म्हणतात. पण हा यायला तयार नाही.

"आई, ते म्हणतात जाईने मला असं बघायचं नाही. पँटमध्ये पाय घालून सरळ चालता येईल तेव्हाच येईन. मग दिवाळी होऊ दे, नाहीतर पुढची दिवाळी."

"अगं, पण पोरीने किती दिवस वाट बघायची?"

"मी तेच म्हटलं. तर भिंतीकडे तोंड करून झोपले. आई, ते हल्ली जेवतसुद्धा नाहीत नीट. तुम्ही बोला ना त्यांच्याशी."

"लागत नाही गं त्याचा."

विनया नुसतं "बरं" म्हणाली. तिच्या बरंमध्ये काहीतरी होतं. आजकालच्या सुनांचं काही कळत नाही.

जाईला फोन दिला. ती आईशी हिंदीत बोलते. ठेवताना म्हणाली, "पापा मुझसे कट्टी हैं क्या?" विनया काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पोरीने फोन परत दिला आणि आजोबांना म्हणाली, "आजोबा, मशीन लगाओ."

शंकराला रोज एकशेआठ बेल वाहीन म्हणून बोलले आहे. इथे बेलाचं झाड खालच्या बागेतच आहे, तेवढं बरं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

आता रोज. एकादशी नाही, गुरुवार नाही, रोज दिवेलागणीनंतर ही घाण. मी स्वयंपाकघरात बसते, पण दार उघडं ठेवावं लागतं, नाहीतर उकडतं. त्यामुळे दिसतं.

आज नवीन रीळ. एक आगगाडी चढावर थांबते, कमरेवर हात ठेवून धापा टाकते, मग स्वतःच्या डब्यांना एकेक करून उचलून खांद्यावर घेते. तिथवर ठीक होतं. मग एक कोंबडी हॅट घातलेलं अंडं देते. अंड्यातून घर निघतं, घर शिंकतं, आतली माणसं खिडक्यांतून नाकातल्या शेंबडासारखी बाहेर. चंद्र खाली वाकून हसतो, त्याच्या तोंडात कुणीतरी काडी पेटवून टाकतं. ज्याने हे काढलं त्याला घरात कुणी मोठं माणूस नव्हतं का विचारणारं, की बाबा, हे काय?

मी म्हटलं, "ह्यात अर्थ काय आहे?"

हे म्हणाले, "अर्थ नाही. म्हणूनच तर."

"म्हणूनच तर काय?"

"शैला, सगळं मोडतं आणि कुणी रडत नाही. एवढंच आहे त्यात."

मोडलेलं बघून रडू नये हे शिकवायचंय की काय पोरीला. ह्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, यंत्राच्या दिव्याची झळ लागते.

२३ ऑगस्ट, शनिवार

अपनी मंडीच्या बाजारात केवडा मिळाला नाही, पत्रीही नाही. गौरींसाठी मराठी मंडळातल्या स्मिताताईंच्या मिस्टरांच्या हाताखालचा कुणी नाशिकहून येतोय, त्याला सांगितलंय.

जाई आता घरात एका पायावर उड्या मारत फिरते. मोरीपर्यंत एका पायावर, देवासमोर एका पायावर. दूधसुद्धा एका पायावर उभं राहून पिते. खालच्या मजल्यावरच्या हरविंदर भाभींनी वर येऊन विचारलं, "दीदी, ऊपर कुछ कूट रहे हो क्या?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी जाईला म्हटलं, दोन्ही पाय खाली टेक, मनुष्यासारखी चाल. "प्रॅक्टिस कर रही हूँ, आजी." कसली प्रॅक्टिस? "बस, ऐसे ही." चित्रातल्या प्राण्यांची नक्कल, दुसरं काय.

२४ ऑगस्ट, रविवार

आजचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिते.

डब्यातलं सगळ्यात तळाचं रीळ. एक कुत्रा, टोपीवाला. नदीवर जातो, मगर त्याचा एक पाय घेऊन जाते. रक्त नाही, काही नाही, पाय बाटलीच्या बुचासारखा निघतो. कुत्रा पायाकडे बघतो, मगरीला टोपी काढून नमस्कार करतो आणि एका पायावर उड्या मारत बाजारात जातो. बाजारात त्याचा हेवा सुरू होतो. एक बदक स्वतःचा पाय काढून बघतं, एक बोकड चारांतले दोन काढून विकायला बसतो. शेवटी तो गेलेला पाय एकटाच चालत परत येतो, तर कुत्रा त्याला ओळखतच नाही, त्याला खुर्ची देतो, चहा देतो.

मी न्हाणीघरात जाऊन खरोखर ओकले. बाहेर आले तर जाई लोळून हसत होती आणि हे पाठमोरे बसून रीळ गुंडाळत होते.

मी ओरडले. आयुष्यात ह्यांच्यावर एवढ्या आवाजात ओरडले नाही. "घरात काय झालंय, आणि तुम्ही तिला हे दाखवता? लाज नाही?" हे म्हणाले, "मला काय माहीत होतं डब्याच्या तळाशी काय आहे ते."

मी म्हटलं, मशीन उलटं चालतं ना तुमचं? मग उलटं लावा. पाय मगरीच्या तोंडातून निघून जागेवर बसलेला दाखवा, आणि मग बंद करा. ह्यांनी कळ फिरवली. कुत्रा मागे मागे उड्या मारत आला, मगरीने पाय बाहेर दिला, चिकटला. कुत्रा दोन पायांवर धड उभा. मला जरा शांत वाटलं.

आणि जाई रडायला लागली. हमसून हमसून. "नहीं! ऐसे नहीं होता! सीधा चलाओ!"

पोरीला चांगलं ते नकोय, घाण तेवढी हवी. ह्यांनी सरळ लावलं, तेव्हा गप्प झाली. मी जेवले नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. मोदक एकवीस, नारळ इथे महाग. पाऊस नुसता ओततोय, सुखना तलावाचे दरवाजे उघडले म्हणतात. आरतीला शंतनूला व्हिडिओ लावला. उचलला नाही. विनयाने उचलला आणि त्याच्याकडे फिरवला. पाठ दिसली फक्त. जाईने पाठीला आरती दाखवली.

३१ ऑगस्ट, रविवार

गौरी आल्या. कशा आल्या ते क्रमाने लिहिते.

आमच्या उभ्या गौरी. सासूबाईंनी दिलेले पितळी मुखवटे, लोखंडी सापळा, कापसाचे हात. साडी नेसवून होईपर्यंत आमच्याकडे त्या कुणाला दाखवत नाहीत. पण विनया नाही, निऱ्या धरायला माणूस हवं, म्हणून जाईला आडपडद्याच्या आत घेतलं. तिने सापळा बघितला, वरून खाली हात फिरवला.

"आजी, इनके पैर कहाँ हैं?"

"नसतात गं. साडीच्या आत कोण बघतंय."

"दोनों के नहीं?"

"दोघींचेही नाहीत. सांडशी दे तिकडची, तार आवळू दे."

"फिर आएँगी कैसे?"

मी म्हटलं, देवीला काय कमी आहे, येते. तू आता पावलं उमटव. तिला दाखवलं: तांदळाच्या ओल्या पिठात मूठ बुडवायची, फरशीवर टेकवायची, वर बोटाने पाच टिकल्या. एका मुठीचं एक पाऊल, दुसऱ्या मुठीचं दुसरं. त्यावर हळदकुंकू. दारापासून बैठकीतून देव्हाऱ्यापर्यंत. गौर त्याच पावलांवरून घरात येते. पोरीने नीट ऐकून घेतलं.

मी निऱ्या संपवून बाहेर आले. पावलं छान ठसठशीत. दारापासून देव्हाऱ्यापर्यंत. आणि सगळी उजवी.

एकही डावं पाऊल नाही. एकामागे एक, उडी मारत गेल्यासारखी, उजवं, उजवं, उजवं.

लक्ष्मी एका पायाने घरात? वर्षाचा सण, एवढा अपशकुन? मला वाटलं, हा तो कुत्रा. ती घाण भिंतीवरून उतरून माझ्या फरशीवर आली, देवीच्या वाटेवर. मी ओलं फडकं घेतलं आणि दाराशी बसले पुसायला. "कार्टे, देवाची चेष्टा करतेस? दुसरा पाय कुठाय?"

जाईने माझं मनगट धरलं. पिठाने भरलेला हात, थंडगार.

"मत पोंछो ना आजी. पापा ऐसे ही आएँगे."

कुणी सांगितलं तुला, म्हटलं.

"आपके फोन में फोटो है. इधर से नहीं है." तिने स्वतःच्या डाव्या गुडघ्याखाली हात आडवा धरला. "मैंने तो कब का देखा. आप रोती हो न, इसलिए नहीं बताया."

"तुला भीती नाही वाटली?"

तिने विचार केला. "पहले वाटली," मराठीत म्हणाली. मग परत हिंदीत, "फिर वो डॉगी वाला देखा."

हे खोलीच्या दारात ताट आणि चमचा घेऊन उभे होते, आवाहनाला वाजवायला बायकामाणूस नाही म्हणून. ताट तसंच हातात. म्हणाले, "शैला, मुहूर्त जाईल."

पुन्हा पावलं उमटवायला वेळ नव्हता. आवाहन संध्याकाळच्या आत व्हायला हवं. मी फडकं बाजूला ठेवलं, हात धुतले, ज्येष्ठेचा मुखवटा ताम्हनात घेतला आणि दाराबाहेर जाऊन आत आले. पावलांवरून यायचं असतं. एका पायाच्या पावलांवर दोन पायांनी कसं चालणार? मी पहिल्यावर उजवा ठेवला. डावा कुठे ठेवू कळेना. तेव्हा साडी आवरून, मुखवटा छातीशी धरून, ह्या वयात, मी उडी मारली.

ताट वाजायचं थांबलं आणि मग जोरात वाजायला लागलं. जाई पुढे, तीही तशीच. देव्हाऱ्यापर्यंत गुडघ्यातून कळा आल्या. देवी, क्षमा कर. एकदा तर मला हसू आलं, ते मात्र मी दाबलं.

१ सप्टेंबर, सोमवार

महापूजा, पुरणपोळी, सोळा भाज्या मिळून एकच भाजी केली.

संध्याकाळी हळदीकुंकवाला मंडळाच्या बायका. स्मिताताई मोठ्या डॉक्टरांच्या पत्नी, त्यांचं लक्ष सगळीकडे. दारातच थबकल्या. "अगंबाई शैलजाताई, ही पावलं एकाच पायाची? नातीने गंमत केली वाटतं. पुसून घ्यायची ना, बरं नाही दिसत."

मी म्हटलं, "आमच्याकडे अशीच येते."

"म्हणजे? तुमच्या साताऱ्याकडे असं असतं?"

"आमच्या घरात. बसा, कुंकू लावते."

त्या बसल्या, पण पाय आखडून बसल्या, पिठावर पडू नये म्हणून.

सगळ्या गेल्यावर मी फोन घेऊन देवासमोर बसले. तो फोटो उघडला. पूर्ण बघितला. किळस आली. खोटं कशाला लिहू, स्वतःच्या पोटच्या मुलाच्या पायाची आली. बंद केला, परत उघडला. दुसऱ्या खेपेला टाक्यांचा माग बघितला, नीट घातलेत. तिसऱ्या खेपेला गुडघ्यावरचा तो व्रण दिसला, सायकलवरून पडला होता तेव्हाचा. तेव्हा मग बराच वेळ बघत बसले. जाई येऊन शेजारी बसली आणि तिने दोन बोटांनी तो मोठा करून दाखवला. मी म्हटलं, राहू दे, मला येतं.

ह्यांनी आज यंत्र लावलं नाही, सण म्हणून. जाईने विचारलंही नाही. मीच म्हटलं, लावा हवं तर, कुत्र्याचं नको, आगगाडीचं. ते जरा बरं आहे. जरा.

३ सप्टेंबर, बुधवार

काल गौरी-गणपतींचं विसर्जन झालं. आज शंतनूला स्पीड पोस्टने पत्र टाकलं. त्याची नक्कल इथे ठेवते.

चि. शंतनू यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझा फोन लागत नाही असं मी सगळ्यांना सांगत होते. लागतो, तू उचलत नाहीस, आणि का ते मला आता कळतंय. म्हणून लिहिते. पत्र तरी हातात धरशील.

जाईला सगळं माहीत आहे. माझ्या आधी तिने एकटीने बघितलं आणि आमच्यासाठी गप्प राहिली. ती घाबरत नाही. नवा पाय आला की त्यावर ठोकून बघायचं आहे, आवाज कसा येतो ते, असं तिने विचारून ठेवलंय. मी रागावले, पण तुला कळवते.

सरळ चालता येईपर्यंत थांबू नकोस. वाकडा ये. तुझ्या बाबांनी एक यंत्र आणलंय, त्यावर रोज भिंतीवर इतकी किळसवाणी, अर्थ नसलेली चित्रं दाखवतात की सांगता सोय नाही. पोरीच्या अंगात ती मुरली आहेत. माझ्याच्याने दोघं आवरत नाहीत. तू येऊन बघ आणि काय ते ठरव.

जिन्याची काळजी नको. हरविंदर भाभींनी खालची पुढची खोली रिकामी करून दिली आहे. भाडं विचारलं तर भांडायला उठल्या. न्हाणीत बसायला स्टूल आणलं, पक्कं आहे, मी स्वतः बसून बघितलं. जखमेला तेल, पट्टी काय लागतं ते विनयाकडून लिहून घे. पट्टी मी बदलेन. माझा हात कापेल पहिल्यांदा, तेव्हा तू दुसरीकडे बघ. मी नाही बघणार दुसरीकडे.

जेवतोस का? नीट जेव. विनयाला सांग, तिच्यासाठी पुरणपोळ्या बांधून ठेवल्या आहेत, टिकतील तितके दिवस टिकतील.

कोणत्या गाडीने निघता, कोणत्या दिवशी पोचता, आणि जाईला स्टेशनवर आणू की घरीच थांबवू, हे उलट टपाली, तुझ्या हाताने लिहून कळव.